उकळलेला स्पंज

हेडमास्तरांना दम लागला होता. मेट्रननं खुर्ची ओढली, काचेसमोर बसली, मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि कल्ल्यांची उघडझाप मोजली. खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजली. कालच्यापेक्षा जास्तच भरली.

हेडमास्तर हा टाकीतला सगळ्यात मोठा एंजल मासा. तळहाताएवढा, चपटा, अंगावर काळे उभे पट्टे. बाकीच्या चौघांमधून असा फिरायचा, की जणू वर्गावर्गात डोकावत चाललाय. आज स्वारी वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला तोंड लावून नुसती उभी होती आणि समोर पडलेल्या दाण्यांकडे ढुंकूनही पाहत नव्हती.

"याला दम लागलाय," मेट्रन म्हणाली.

"माशाला कसला दम?" दादा पेपरातून मान न काढता म्हणाला. "पोहण्याशिवाय दुसरं काम काय आहे त्याला?"

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तिला मेट्रन हे नाव त्यानंच ठेवलेलं. खरं तर ती मेट्रन कधीच नव्हती. एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरची ती मुख्य सिस्टर होती, आणि ती निवृत्त होईपर्यंत त्या थिएटरात एखादा जंतू शिरला असलाच, तर तो तिच्या धाकानं गप्प बसून राहिला असेल. नावाजलेले सर्जन कोपरापर्यंत हात धुऊन तिच्यासमोर उभे राहत आणि तिनं मान हलवली की मगच आत जात. अशा बाईला घरच्यांनी दुसरं काय म्हणायचं?

टाकी मात्र तिची नव्हती. टाकी वहिनीची. मेट्रन दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, दादा-वहिनी पहिल्या. नणंद-भावजय एकमेकींना पाण्यात पाहतात असं शेजारी म्हणत. ते काही खरं नव्हतं. दोघींना एका स्वयंपाकघरात उभं राहता येत नसे, एवढंच. मग एक दिवस वहिनी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दादाच्या घराला जिना होता, म्हणून लेकीनं तिला इस्पितळातूनच परगावी आपल्या घरी नेलं. गाडीत आडवं झाल्यावर वहिनीनं मेट्रनला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "वन्सं, चिमूटभरच खायला घाला. आणि पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा, शिळं झालं की मगच टाकीत." तीस वर्षांत वहिनीनं तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

हाड छान बसलं. वहिनी मात्र चालायचं नाव घेईना. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी रोज यायची आणि रोज हात हलवत परत जायची. आज दुखतंय, उद्या बघू, कालच तर दोन पावलं टाकली. मेट्रननं अशा बायका खूप पाहिल्या होत्या. ऑपरेशन उत्तम, टाके स्वच्छ, आणि बाई पलंग सोडत नाही. मग छातीत कफ भरतो, पाठ सोलवटते, आणि एक दिवस घरचे व्हरांड्यात उभे राहून म्हणतात, ऑपरेशन तर चांगलं झालं होतं. हे सगळं तिला पाठ होतं, म्हणून तिची झोप उडाली होती. फोनवर वहिनीच्या आवाजात एकाच विषयानं जीव येई. "घरी आले की कुणी काही म्हणा, आधी टाकीपाशी जाणार," ती म्हणायची. मेट्रननं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. टाकीत मासे आहेत तोवर वहिनीला उठायला कारण आहे. तेव्हा मासे जगलेच पाहिजेत, सगळेच्या सगळे.

आणि तिनं कंबर कसली. तिथंच सगळं बिघडलं.

कारण टाकी हातात आली त्याच दिवशी तिनं झाकण उघडून फिल्टर बाहेर काढला होता. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, दाबला की चिखलासारखं पाणी. मेट्रनच्या अंगावर काटा आला. या घाणीतून गाळलेलं पाणी ते बिचारे जीव पितात? तिनं स्पंज नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर चोळला आणि मग, काम अर्धवट टाकायची सवय नसल्यामुळे, पातेल्यात घालून खळखळून उकळला. तळाचे खडेही उकळले. काचा आतून घासल्या. टाकी अशी लखलखली की दादानंसुद्धा पेपर खाली ठेवला. फिल्टरला हात लावू नका हे वहिनीनं सांगितलं नव्हतं, कारण कुणी तो उकळून काढील हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

आठवडा उलटायच्या आत हेडमास्तरांना दम लागला. पाठोपाठ दोन चंदेरी मासे पंख अंगाशी मिटून तळाशी बसले. काळी नावाची एक काळीभोर मासोळी होती, तिच्या शेपटीची कड पांढरी, झिजल्यासारखी दिसायला लागली. पाचवी, पट्टेवाली छोटी, तेवढी अजून फिरत होती. मेट्रनचं निदान ठरलेलं होतं. संसर्ग.

ती तडक रंगीत माशांच्या दुकानात गेली. "जंतुनाशक द्या," तिनं फर्मावलं. दुकानदार काहीतरी विचारणार होता, पण तिचा सूर असा होता की त्यानं मुकाट्यानं निळ्या औषधाची बाटली काढून दिली. टाकी निळी झाली. एक चंदेरी मासा त्याच निळाईत मेला.

वॉर्डात साथ आली की काय करतात? वॉर्ड धुऊन काढतात. मेट्रननं पुन्हा स्पंज उकळला, खडे उकळले, काचा घासल्या. दुसरा चंदेरी गेला. मग तर ती त्या रोगाच्या हात धुऊन मागे लागली. रोज सकाळी उठून आधी स्पंज. दादा दारात उभा राहून बघायचा. "अगं, त्यांना जरा दम तरी खाऊ दे," तो एकदा म्हणाला, आणि तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा करायला निघून गेला.

संध्याकाळी वहिनीचा फोन आलाच.

"वन्सं, कसे आहेत हो सगळे?"

"मजेत," मेट्रन म्हणाली. रुग्णाच्या नातेवाइकांशी शांत आवाजात बोलायचं तिला चांगलं जमत असे. तो आवाज तिनं लावला. "टाकी अगदी आरशासारखी आहे."

"मला वाटलंच. तुमच्या हातात असल्यावर मला काय काळजी? मग घाई तरी कशाला करू? राहते इथंच निवांत."

फोन ठेवल्यावर मेट्रन बराच वेळ टाकीसमोर बसून राहिली.

काळी आता तिरकी पोहत होती. निदान ही तरी बाकीच्यांपासून वेगळी काढावी म्हणून मेट्रननं एका स्वच्छ बादलीत शिळं पाणी भरलं, हवेचे बुडबुडे सोडणारी छोटी मोटर लावली आणि काळीला न्हाणीघराच्या कोपऱ्यात हलवलं. सकाळ-संध्याकाळ अर्धं पाणी काढायचं, अर्धं नवं घालायचं. बादलीत फिल्टर नव्हता, त्यामुळे उकळायला काही नव्हतं. औषधही संपत आलं होतं, ते हेडमास्तरांसाठी राखून ठेवलं. थोडक्यात, काळीला वाऱ्यावर सोडल्यातच जमा होतं.

आणि काळी सुधारली. आधी सरळ झाली. मग पंख उघडले. एका सकाळी मेट्रननं बादलीवर वाकून पाहिलं, तर बाई वर येऊन खायला मागत होती.

मेट्रनला इतका आनंद झाला की तिनं स्वयंपाकघरात जाऊन दादाच्या पाठीवर थाप मारली. बरी झालेली रुग्ण वॉर्डात परत गेली पाहिजे. तिनं टाकीचा स्पंज पुन्हा एकदा उकळला आणि काळीला समारंभानं टाकीत सोडलं. दुसऱ्या दिवशी काळी पाण्याच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होती.

मेट्रन खुर्ची ओढून टाकीसमोर बसली.

असा प्रकार तिनं पूर्वी पाहिला होता. एका वॉर्डातले रुग्ण दुसरीकडे हलवले की बरे व्हायचे, परत आणले की पडायचे. तेव्हा सगळे रुग्णांनाच तपासत होते, आणि तिनं सर्वांसमोर सांगितलं होतं, रुग्ण सोडा, वॉर्ड तपासा. तेव्हा तिचंच बरोबर निघालं होतं. मग आता तेच डोकं कुठं गहाण ठेवलं होतं? बादलीत औषध नव्हतं, उकळणं नव्हतं, काही नव्हतं. टाकीत सगळं होतं. म्हणजे बादलीत जे नाही आणि टाकीत जे आहे, त्यातच खोट आहे. तिनं एक एक गोष्ट बोटांवर मोजली आणि शेवटी तिच्या हाती ती स्वतःच लागली.

काळीला तिनं आधी बादलीत हलवलं. मग टाकीतलं पाणी बाटलीत भरून दुकान गाठलं. या वेळी तिनं काही फर्मावलं नाही.

"हे तपासता येईल का?" तिनं विचारलं.

दुकानदारानं काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं, त्यात दोन बाटल्यांमधले थेंब टाकले आणि नळी हलवून ठेवली. "पिवळं राहिलं तर ठीक," तो म्हणाला. पाणी पिवळं राहिलं नाही. बघता बघता गर्द हिरवं झालं.

"अमोनिया," दुकानदार म्हणाला. "माशांची घाण पाण्यात साठलीय, तीच त्यांचे कल्ले जाळतेय. फिल्टरमध्ये बुळबुळीत थर असतो ना, त्यात जंतू असतात, ते ही घाण खाऊन टाकतात. तुमच्या फिल्टरला काय झालंय?"

"मी उकळला."

"एकदा?"

"रोज."

दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकारच. मेट्रननं काउंटरवरच्या हिरव्या नळीकडे पाहिलं. ती चिकट तपकिरी घाण म्हणजे टाकीची मूत्रपिंडं होती. तिनं ती स्वतःच्या हातानं काढली, चोळली, उकळली आणि वर निळं औषध घालून उरलीसुरली मारली. आयुष्यभर ज्यांच्याशी वैर केलं, त्यांच्याच जिवावर हे पाच जीव जगत होते. तिला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेतच ती म्हणाली, "बरं. आता उपाय सांगा."

उपाय सोपा होता आणि किचकट होता. खाणं जवळजवळ बंद. रोज अर्धं पाणी बदलायचं, शिळ्या पाण्यानं. औषध बंद, घासणं बंद. आणि जमलं तर एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा मळका तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा, म्हणजे ते जंतू इथं वस्ती करतील. विरजण लावावं तसंच.

"मग द्या तुमच्यातला," मेट्रन म्हणाली.

"माझ्याकडे रोज कुठून कुठून मासे येतात. जंतूंबरोबर रोगही घेऊन जाल. वापरातली, जुनी, घरगुती टाकी शोधा. घाण असेल तितकी चांगली."

मेट्रनला अशी एक टाकी माहीत होती. दोन गल्ल्या पलीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि तिथल्या बाकांसमोरच्या टाकीइतकी घाण टाकी तिनं जन्मात पाहिली नव्हती. तसं तिनं त्या डॉक्टरांना चार रुग्णांदेखत सुनावलंही होतं. आता तीच बाई झाकणाचा डबा हातात घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"दाढ दुखतेय का?" डॉक्टरांनी जरा सावधपणेच विचारलं.

"दाढा ठीक आहेत. तुमच्या टाकीतली घाण पाहिजे."

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला. "तुम्हीच म्हणाला होतात ना, या टाकीमुळे दवाखान्याला कुलूप लागलं पाहिजे म्हणून?"

"म्हणाले होते. बाकांखाली झाडत नाही तुमच्याकडे कुणी, ते अजूनही म्हणते." तिनं डबा पुढे केला. "पण हा फिल्टर गेल्या वर्षभरात धुतलाय का?"

"वर्षभरात? मी कधीच धुतला नाही."

"देव तुमचं भलं करो," मेट्रन म्हणाली, आणि तिनं ते अगदी मनापासून म्हटलं.

अर्धा स्पंज कापून, टाकीच्याच पाण्यात बुडवून, डबा छातीशी धरून ती घरी आली. वाटेत ओळखीच्या बाईनं विचारलं, काय नेताय एवढं जपून? मेट्रन थांबलीसुद्धा नाही. घरी आल्यावर तिनं तो काळपट, वास मारणारा तुकडा उघड्या हातानं फिल्टरमध्ये बसवला. हात धुवायला मात्र ती धावत गेली. माणूस एका दिवसात किती बदलणार?

मग रोजचं पाणी. बादल्या भरून ठेवायच्या, नळीनं टाकी उपसायची, हळूहळू भरायची. कंबर मोडून यायची. दादा न सांगता बादल्या उचलायला लागला. दुकानदाराच्या काचेच्या नळीतलं पाणी गर्द हिरव्याचं पोपटी झालं, पोपटीचं फिकट झालं. टाकीतली पट्टेवाली छोटी पंख उघडून फिरू लागली. काळी बादलीत ठणठणीत होती. पण हेडमास्तरांचे कल्ले फार जळले होते. फिकट पिवळा रंग दिसला त्याच दुपारी ते आडवे झाले. मेट्रननं त्यांना जाळीत घेतलं, खूप वेळ हातावर धरून ठेवलं, आणि मग ती रडली. थिएटरमध्ये ती कधी रडली नव्हती.

"तुझ्या वहिनीला सांगू नकोस," दादा म्हणाला. "ती खचेल. चालायला लागू दे, इथं येऊ दे, मग बघू. हवं तर तसलाच मोठा मासा आणून सोडू."

मेट्रननं विचार केला. वहिनीला वाईट काही लागू नये म्हणून तिनं रोज फोनवर सगळं धुऊनपुसून, चकचकीत करूनच सांगितलं होतं. आणि वहिनी तिकडे निवांत पडून होती. दिवसेंदिवस, पलंगावर, काळजी नाही म्हणून.

तिनं फोन उचलला.

"वहिनी, मी खोटं बोलत होते. तुमचा फिल्टर मी उकळला. एकदा नाही, रोज. दोन्ही चंदेरी गेले. आज हेडमास्तर गेले. काळी बादलीत आहे आणि पट्टेवाली छोटी टाकीत आहे. दोघी जगतील असं वाटतं, पण मला यातलं काही कळत नाही, आणि माझ्या हातून पुन्हा काय होईल ते सांगता येत नाही."

पलीकडून फोन बंद झाला. दादा म्हणाला, "झालं समाधान?" मेट्रन उद्याच्या बादल्या भरायला गेली. त्या रात्री तिला वाटत होतं, की तिनं आणखी एक जीव घालवला.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला.

"आत्या, तू आईला काय सांगितलंस? रात्रभर रडली. सकाळी व्यायामवाली यायच्या आधीच वॉकर मागितला. दारापर्यंत गेली आणि परत आली, मधे थांबलीसुद्धा नाही. दुखलं की मोठ्यानं तुझं नाव घेते आणि पुढचं पाऊल टाकते."

"काय म्हणते?"

"सांगण्यासारखं नाही. आता विचारतेय की जिना चढायला कधी शिकवणार. म्हणते, त्या बाईच्या हाती माझ्या दोन मासोळ्या एक दिवस जास्त ठेवायच्या नाहीत."

"बरोबर आहे तिचं," मेट्रन म्हणाली. "आईला म्हणावं, लवकर या. मला भरवसा नाही माझा."

वहिनी आली तेव्हा काळी टाकीत परतली होती. वहिनी जिना एक एक पायरी करत चढली, मधल्या वळणावर उभी राहून धापा टाकल्या, आणि पाठीमागे हात धरायला आलेल्या दादाला कोपरानं बाजूला सारलं. घरात आल्यावर ती कुणाशी बोलली नाही. वॉकर ठोकत सरळ टाकीपाशी गेली. काचेवर हिरवट शेवाळ होतं. फिल्टरचं झाकण तिनं स्वतः उघडलं आणि आत बोट घालून स्पंज चाचपला. बुळबुळीत होता.

काळी वर आली. पट्टेवाली तिच्या मागून आली. वहिनी कितीतरी वेळ बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते तिनं पुसलं नाही.

"हेडमास्तरांना त्रास झाला का फार?" तिनं विचारलं.

"हो," मेट्रन म्हणाली. "झाला."

वहिनीनं मान हलवली. मग कोपऱ्यात भरून ठेवलेल्या बादल्यांकडे पाहिलं. "आज पाणी बदलायचंय का?"

"बदलायचंय."

"नळी माझ्याकडे द्या. बादल्या तुम्ही उचला."

मेट्रननं नळी दिली. वहिनीनं एका हातानं वॉकर धरला, दुसऱ्या हातानं नळीचं टोक पाण्यात धरलं, आणि टाकीतलं पाणी सावकाश बादलीत उतरू लागलं. तिचा ऑपरेशनचा पाय थरथरत होता. मेट्रनला तो दिसत होता. थरथरणारे पाय तिनं आयुष्यभर पाहिले होते. खुर्ची हाताच्या अंतरावर होती. दादानं मेट्रनकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. मेट्रननं नकारार्थी मान हलवली, भरलेली बादली उचलली, तिच्या जागी रिकामी सरकवली, आणि अर्धी टाकी उतरेपर्यंत वहिनीला उभं राहू दिलं.